गवत, म्हैस आणि देव: निलगिरीचे तोडा

उटीच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये काचघर, हिरवळ आणि फुलांचे ताटवे बघून बहुतेक पर्यटक परत फिरतात. बागेच्या वरच्या अंगाला चढत गेलं तर तोडा लोकांचा एक पाडा लागतो. तिथे अर्ध्या पिंपासारखी, जमिनीपर्यंत उतरलेल्या गवती छपराची एक झोपडी दाखवतात. गाइड सांगतो, 'हे इथले मूळचे लोक. यांच्यात पूर्वी एका बाईला अनेक नवरे असायचे.' फोटो निघतो आणि मंडळी चॉकलेटं घ्यायला खाली उतरतात.

गाइडचं वाक्य खोटं नाही. पण त्या एका वाक्यावर तोडांची ओळख संपवणं मला अन्यायाचं वाटतं. या छोट्याशा समाजाने दूध, दही, ताक, लोणी आणि तूप या आपल्या रोजच्या गोष्टींभोवती एक अख्खा धर्म उभा केला. त्यांचे पुजारी म्हणजे गवळी आणि देवळं म्हणजे दुभत्याची घरं. देव, लग्न, मरण, जमिनीचा हक्क, गाणी, सगळं म्हशीपाशी येऊन पोचतं, आणि म्हैस गवतापाशी. म्हणून सुरुवात गवतापासून करू.

डोंगरमाथ्यावरचं गवत

तमिळनाडू, केरळ आणि कर्नाटक जिथे एकमेकांना भिडतात तिथे निलगिरीचं पठार उभं आहे. पायथ्याशी घाम काढणारा उकाडा आणि दाट जंगल, आणि वर साधारण 2,000 मीटर उंचीवर लांबच लांब पसरलेली गोल टेकाडं. सर्वांत उंच शिखर दोड्डबेट्टा, 2,637 मीटर. हिवाळ्यात पहाटे इथे दहिवर गोठून गवत पांढरं पडतं.

या माथ्यावरचं मूळ निसर्गरूप फार वेगळं आहे. टेकड्यांच्या उतारांवर नुसतं गवत, आणि घळींमध्ये, ओढ्यांच्या कडेला बुटक्या, दाट झाडांचे पुंजके. या पुंजक्यांना 'शोला' म्हणतात. उतारांवर झाडं का नाहीत, याचं एक मोठं कारण म्हणजे हिवाळ्यातलं हिम. उघड्यावर रुजलेली कोवळी रोपं त्यात करपून जातात. शिवाय वणवे आणि चरणारी जनावरं यांनीही गवत गवतच ठेवलं. टेकड्यांच्या मधल्या सखल भागात पाणथळी आहेत. पावसाळ्याचं पाणी हे गवत आणि या पाणथळी धरून ठेवतात आणि पुढे महिनोन्‌महिने ओढ्यांना सोडत राहतात.

तोडा इथले. त्यांचे पाडे तीन-चार ते आठ-दहा घरांचे, एकमेकांपासून लांब, शोला आणि गवत यांच्या सीमेवर, पाण्याजवळ वसलेले. त्यांनी शेती केली नाही, शिकारही केली नाही. त्यांनी म्हशी राखल्या. या म्हशी आपल्या गोठ्यातल्या म्हशींसारख्या नाहीत. तोडा म्हैस ही स्वतंत्र जात आहे. अंग आडवं, शिंगं बाजूला पसरून अर्धचंद्रासारखी वळलेली, आणि स्वभाव तापट. दिवसभर ती माळावर मोकळी फिरते आणि अनोळखी माणूस दिसला तर अंगावर धावून येते.

पठारावर तोडा एकटे नव्हते. कोता लोक लोहारकाम, कुंभारकाम आणि वाजंत्री करत. बडगा शेती करत. उताराच्या जंगलांत कुरुंबा आणि इरुळा राहत, ते मध आणि इतर रानमेवा आणत. तोडांकडून तूप जाई. कोतांकडून मडकी, कोयते, कुऱ्हाडी येत. बडगांकडून धान्य येई. कुरुंबांच्या जादूटोण्याची सगळ्यांनाच धास्ती असे. कोणत्या तोडा घराचं कोणत्या बडगा घराशी, कोणत्या कोता घराशी नातं, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असे. आपल्याकडची बलुतेदारी ज्यांनी वाचली-ऐकली आहे त्यांना ही व्यवस्था चटकन कळेल. विसाव्या शतकात रोख पैसा आणि बाजार आल्यावर ती विरली.

हे आले कुठून?

तोडांबद्दल लिहिणाऱ्या जुन्या युरोपियनांना या प्रश्नाने पछाडलं होतं. उंच बांधा, पुरुषांच्या भरघोस दाढ्या, बायकांच्या खांद्यावर रुळणाऱ्या केसांच्या वळलेल्या बटा, अंगावर पांढरी शाल, तिच्यातून मोकळा सोडलेला उजवा हात. हे सगळं पाहून कुणाला ते रोमन वाटले, कुणाला ज्यूंच्या हरवलेल्या टोळ्यांपैकी एक. ग्रीसचा राजपुत्र पीटर याने तर विसाव्या शतकात त्यांचा संबंध थेट सुमेरियाशी जोडला.

यातल्या कशालाच आधार नाही. खरा धागा भाषेत आहे. तोडा भाषा द्राविडी कुळातली, तिची सख्खी बहीण शेजारच्या कोतांची भाषा, आणि दोघींची नाती तमिळ-मल्याळमशी. म्हणजे हे लोक कुठल्याशा दूरदेशातून वाट चुकून आले नव्हते. दक्षिण भारतातल्याच एका गटाने फार पूर्वी डोंगर चढला आणि वर राहून स्वतःची वाट काढली. इतका काळ अलग राहिल्याने त्यांची भाषा मात्र विलक्षण झाली. द्राविडी भाषांमध्ये सहसा न आढळणारे घर्षणाचे, हवेच्या सुसकाऱ्याचे ध्वनी तिच्यात भरपूर आहेत. 'र'चेच तीन वेगळे प्रकार आहेत. बाजूच्या गावातल्या तमिळ माणसालाही ती ऐकून काही उमगत नाही.

त्यांच्या जुनेपणाचा दगडावर कोरलेला पुरावा 1117 सालचा आहे. होयसळ राजा विष्णुवर्धन याचा सेनापती पुणीस याच्या विजयांचं वर्णन करणाऱ्या शिलालेखात त्याने 'तोडांना भयभीत केलं' असा उल्लेख येतो. म्हणजे नऊशे वर्षांपूर्वी मैदानातल्या राजांना हे लोक नावानिशी ठाऊक होते. पुढे 1603 मध्ये फेनिचिओ नावाचा जेझुइट पाद्री मलबारच्या बाजूने डोंगर चढून आला. वर कुणी विस्मृतीत गेलेले ख्रिस्ती राहतात अशी वदंता होती. ख्रिस्ती काही सापडले नाहीत. सापडले म्हशी पाळणारे आणि म्हशींनाच पवित्र मानणारे तोडा. त्याने लिहून ठेवलेला वृत्तांत हे त्यांचं पहिलं सविस्तर वर्णन.

तोडांना स्वतःला हा प्रश्न कधी पडला नाही. त्यांची उत्पत्तिकथा याच डोंगरावर घडते. ओन नावाचा देव आपल्या बायकोसह कुंदा रांगेच्या माथ्यावर गेला. तिथे त्याने एक लांब लोखंडी कांब उभारली. कांबीच्या एका टोकाशी उभं राहून त्याने जमिनीतून म्हशी वर काढल्या, 1,600. मग बायको दुसऱ्या टोकाशी उभी राहिली, तिने 1,800 काढल्या. ओनच्या म्हशींपैकी शेवटची म्हैस वर आली तेव्हा तिच्या शेपटीला धरून एक माणूस बाहेर आला. तो पहिला तोडा. त्याच्या उजव्या बरगडीपासून ओनने पहिली बाई घडवली. ओनच्या म्हशींचा वंश म्हणजे देवाच्या म्हशी, आणि बायकोच्या म्हशींचा वंश म्हणजे घरच्या, साध्या म्हशी. या कथेत म्हैस आधी आणि माणूस तिच्या मागून, तेही शेपटी धरून. तोडांचं जग कुणाभोवती फिरतं हे याहून स्पष्ट सांगता येणार नाही.

दुभत्याचं देऊळ

आता मुख्य गाभ्याकडे येऊ. यासाठी सर्वांत मोठा आधार डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स या ब्रिटिश डॉक्टर-मानववंशशास्त्रज्ञाचा. तो 1901-02 मध्ये निलगिरीत राहिला आणि 1906 मध्ये त्याने तोडांवर जाडजूड ग्रंथ छापला. पुढच्या अभ्यासकांनी त्यातल्या बऱ्याच गोष्टी तपासल्या, काही दुरुस्तही केल्या. पण दुग्धशाळेतली रोजची कामं त्याने ज्या बारकाईने टिपली ती आजही थक्क करतात.

तोडांच्या म्हशी दोन प्रकारच्या: घरच्या आणि देवाच्या. घरच्या म्हशींचं दूध घरात येतं. देवाच्या म्हशींच्या पुन्हा प्रती आहेत, आणि प्रत्येक प्रतीची दुग्धशाळा वेगळी. ही दुग्धशाळा म्हणजेच त्यांचं देऊळ. बहुतेक देवळं घरांसारखीच अर्धगोल छपराची, काही मोजकी मात्र उंच निमुळत्या शंकूच्या आकाराची. आत मूर्ती नाही. भांडी आहेत, रवी आहे, दिवा आहे आणि काही ठिकाणी जुन्या घंटा आहेत. या घंटा एके काळी म्हशींच्या गळ्यात बांधल्या जात, आणि त्या म्हशींइतक्याच पवित्र.

देवळात दोन खोल्या. आतल्या खोलीत देवाच्या दुधाची भांडी, बाहेरच्या खोलीत तयार ताक-लोणी बाहेरच्या जगात नेण्याची भांडी. आतलं भांडं बाहेरच्या भांड्याला कधीही टेकता कामा नये. मग आतलं लोणी बाहेर कसं यायचं? त्यासाठी मध्ये तिसरं भांडं ठेवलेलं असतं. आतल्या भांड्यातून या मधल्या भांड्यात, मधल्यातून बाहेरच्यात. आपल्या आज्यांचं सोवळं-ओवळं ज्यांनी घरात पाहिलंय त्यांना यामागची भावना समजावून सांगावी लागणार नाही. देवाच्या म्हशीचं दूध इतकं पवित्र की ते जसंच्या तसं सामान्य माणसाने प्यायचं नाही. विरजणं, घुसळणं, एका भांड्यातून दुसऱ्यात काढणं या पायऱ्यांमधून त्याचं पावित्र्य हळूहळू उतरवत आणलं जातं, आणि मगच ते लोणी-तूप होऊन लोकांपर्यंत पोचतं. तोडा धर्माचं सगळं तत्त्वज्ञान मला या तीन भांड्यांत दिसतं.

आणि विरजण! देवळातलं विरजण ही नुसती आंबट ताकाची वाटी नसे. आदल्या दिवशीचं ताक आजच्या दुधात, आजचं उद्याच्या, अशी ती न तुटणारी साखळी होती. या विरजणावर त्या देवळाचा वंश चाले. भांडी विटाळली, चोरीला गेली किंवा देऊळ बराच काळ बंद पडलं की साखळी तुटे, आणि नवं विरजण सुरू करण्यासाठी वेगळे, लांबलचक विधी करावे लागत.

दिवसाचा क्रम साधा. पहाटे पुजारी आत जाऊन आदल्या संध्याकाळचं लागलेलं दही घुसळतो. मग बांबूच्या पोकळ नळ्यात म्हशींची धार काढतो. दिवा लावताना, दूध काढताना प्रार्थना. या प्रार्थना फार निराळ्या असत. त्यांत देवाची स्तुती नाममात्र. एकामागून एक नावं घ्यायची, या कळपाचं, त्या डोंगराचं, ओढ्याचं, घंटेचं, भांड्याचं, आणि प्रत्येक नावानंतर 'यांच्यासाठी' असं म्हणायचं. ही नावंही रोजच्या बोलण्यातली नसत, खास प्रार्थनेपुरती राखलेली असत. शेवटी मागणं: म्हशींना रोग नको, वाघ नको, वासरांना सुख असो.

सर्वांत वरच्या प्रतीच्या दुग्धशाळांच्या पुजाऱ्याला पलोल म्हणत. त्याचे नियम ऐकून अंगावर काटा येतो. तो घरी जायचा नाही. लग्न झालेलं असेल तर बायकोपासून दूर राहायचा. केस कापायचे नाहीत, नखं काढायची नाहीत. नदीवर पूल असला तरी पाण्यात उतरूनच ओलांडायचं. सामान्य माणसाने त्याला शिवायचं नाही. सोमवार आणि गुरुवार सोडून जवळही जायचं नाही, लांब उभं राहून ओरडून काय ते सांगायचं. त्याच्या कुळात कुणी मेलं तर अंत्यविधीला जाण्यासाठी त्याला पद सोडावं लागे. दुग्धशाळेत तो जवळजवळ एकटा राही, सोबतीला एक मदतनीस पोरगा. आयुष्यभराची ही कैद नव्हती, काही काळाने माणूस बदले. तरीही इतकं कडक व्रत, आणि तेही दूध घुसळण्यासाठी, जगात दुसरीकडे सापडणं कठीण.

यात समाजरचनेचा एक सुंदर पेच आहे. तोडांचे दोन मोठे विभाग, तार्थारोळ आणि तैवाळियोळ. दोघांत एकमेकांत लग्नं होत नाहीत. प्रत्येक विभागात बरीच कुळं, आणि लग्न कुळाबाहेर. सर्वोच्च दुग्धशाळा आणि त्यांचे कळप तार्थारोळांच्या मालकीचे, पण तिथला पलोल व्हायचं तैवाळियोळांनी. मालकी एकाकडे, सेवा दुसऱ्याकडे. दोघांना एकमेकांवाचून चालायचं नाही अशी ही गाठ होती. या सर्वोच्च दुग्धशाळा विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बंद पडल्या. खालच्या प्रतीच्या काही आजही चालू आहेत.

एक कडू गोष्टही सांगायला हवी. दुभत्याच्या या सगळ्या पवित्र व्यवहारातून बायकांना पूर्ण बाहेर ठेवलं होतं. त्या देवळात जात नाहीत. पूर्वी त्या म्हशींची धारही काढत नसत, घुसळतही नसत, आणि पाड्यातल्या काही वाटांवर त्यांनी पाऊल टाकायचं नसे. तोडांवर जीव लावून लिहिणाऱ्यांनी हे झाकू नये असं मला वाटतं.

धनुष्य देणारा बाप

आता गाइडच्या त्या वाक्याकडे. हो, तोडांमध्ये बहुपतित्व होतं. एखाद्या मुलीचं लग्न थोरल्या भावाशी झालं की ती बाकीच्या भावांचीही बायको मानली जाई. यामागे एक क्रूर कारण होतं: मुली जन्मताच मारण्याची चाल, त्यामुळे बायकांची संख्या कमी. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश अधिकाऱ्यांनी ती बंद पाडली. बहुपतित्वही नंतर ओसरलं, आज तोडा जोडपी एकपत्नी-एकपती आहेत.

पण मग मूल कुणाचं? या प्रश्नाला तोडांनी दिलेलं उत्तर मला फार शहाणपणाचं वाटतं. बाप ठरतो एका विधीने. गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात जोडपं रानात एका झाडापाशी जातं. झाडाच्या बुंध्यात कोनाडा कोरून तुपाचा दिवा ठेवतात. नवरा एका झुडपाच्या फांदीचं इवलंसं धनुष्य करतो, गवताच्या काडीचा बाण करतो आणि बायकोच्या हातात देतो. ती ते कपाळाला लावून विचारते, 'तुझ्या धनुष्याचं नाव काय?' प्रत्येक कुळाच्या धनुष्याला वेगळं नाव असतं. तो ते सांगतो. मग दिवा विझेपर्यंत ती दिव्याकडे बघत बसते. झालं, तो बाप.

ज्याने धनुष्य दिलं तो त्या मुलाचा आणि पुढच्या सगळ्या मुलांचा बाप, जोवर दुसरा कुणी धनुष्य देत नाही तोवर. रिव्हर्सने तर मेलेला माणूसही बाप धरला गेल्याचं नोंदवलंय, कारण त्याच्यानंतर कुणी धनुष्य दिलं नव्हतं. जन्म देणं ही शरीराची गोष्ट आणि बाप होणं ही समाजापुढे घेतलेली जबाबदारी, हा फरक तोडांनी लख्ख पाहिला होता. आज बहुपतित्व गेलं, पण हा विधी टिकलाय. तोडांच्या मते खरं लग्न त्या दिवशी लागतं, आणि नातेवाईक दुरून जमतात.

मेल्यावर सोबत म्हैस

तोडांच्या समजुतीप्रमाणे मृतांचं गाव पश्चिमेला, डोंगरांपलीकडे. तिथला अधिपती तोच ओन. तिथेही लोक म्हशी राखतात, म्हणून मेलेल्याच्या सोबत म्हैस पाठवायची. पूर्वी एकेका अंत्यविधीला बऱ्याच म्हशी मारल्या जात. ब्रिटिशांनी त्यावर मर्यादा घातली. तरणी पोरं माळावर धावत जाऊन उधळलेल्या म्हशीला शिंगांना लोंबकळून धरत, हा मोठा धाडसाचा प्रकार असे. तोडा स्वतः ते मांस खात नसत, ते कोतांकडे जाई. दोन अंत्यविधी असत: एक दहनाच्या वेळचा, 'ओला', आणि महिन्यांनंतर राखून ठेवलेल्या केसांसारख्या अवशेषांचा, 'सुका'. शोक करण्याची रीत हृदयाला भिडणारी आहे. दोघं-दोघं समोरासमोर बसतात, कपाळाला कपाळ टेकवतात आणि रडतात. एक जोडी उठली की माणूस दुसऱ्यासमोर जाऊन बसतो. कुणीही एकट्याने रडत नाही.

आणि अशा प्रसंगी गाणी म्हणतात. मरी एमेनो हा भाषाशास्त्रज्ञ 1935 ते 1938 या काळात भारतात राहून तोडांची गाणी लिहून घेत होता. त्याच्या ध्यानात आलं की इथे कवी असा वेगळा कुणी नसतोच. बहुतेक प्रत्येक मोठा माणूस प्रसंगावर तिथल्या तिथे गाणं रचू शकतो. ओळी तीन-तीन अक्षरांच्या तुकड्यांच्या, आणि जवळजवळ प्रत्येक तुकड्याचा ठरलेला जोडीदार. एक म्हटलं की दुसरा आलाच पाहिजे. माणसाचं थेट नाव न घेता त्याच्या पाड्याचं, म्हशींचं, डोंगराचं नाव घ्यायचं आणि ऐकणाऱ्याने ओळखायचं. ही हजारो जोड्यांची शिदोरी लिपी नसलेल्या भाषेत, फक्त डोक्यात वाहून आणलेली.

माळाला 'पडीक' म्हटलं तेव्हा

1819 मध्ये कोइमतूरचा कलेक्टर जॉन सलिव्हन पठारावर पोचला. इंग्लंडसारखी हवा पाहून तो हरखला आणि काही वर्षांतच तोडांच्या माळावर त्याचं दगडी घर उभं राहिलं. पुढे उटी मद्रास इलाख्याची उन्हाळी राजधानी झाली. पाठोपाठ चहा, सिंकोना, बटाटा, घोडदौडीचं मैदान, बंगले आले.

पण तोडांना सर्वांत खोल जखम झाली ती झाडं लावल्यामुळे. गोऱ्या अधिकाऱ्याच्या डोळ्यांना झाड नसलेला डोंगर म्हणजे वाया गेलेली जमीन. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून इथे ऑस्ट्रेलियातून आणलेली वॅटल आणि निलगिरीची झाडं लावली गेली, आधी सरपणासाठी. निलगिरी डोंगरावरून आपण ज्या झाडाला 'निलगिरी' म्हणतो ते मूळचं इथलं नव्हेच. स्वातंत्र्यानंतर कातडी कमावण्याला लागणारी वॅटलची साल आणि रेयॉनचा लगदा यांसाठी हा धडाका उलट वाढला. वॅटल तर स्वतःच पसरते. एकदा शिरली की खालचं गवत मरतं. 1950 च्या दशकात कुंदा जलविद्युत प्रकल्प सुरू झाला, कॅनडाच्या मदतीने. एमराल्ड, अॅव्हलांच, अप्पर भवानी ही आज पर्यटकांची आवडती तळी खरं तर धरणाची जलाशयं आहेत, आणि त्यांच्या तळाशी चराऊ माळ गेले.

परिणाम सरळ आहे. गवत कमी, म्हणून म्हशी कमी. म्हशी कमी, म्हणून दुग्धशाळा बंद. दुग्धशाळा बंद, म्हणून पुजारी नाही, विधी नाही, विरजणाची साखळी नाही. झाडं लावणं हे नेहमी पुण्याचंच काम असतं हा आपला पक्का समज निलगिरीत खोटा ठरला. आपल्याकडे सह्याद्रीतल्या कातळसड्यांनाही सरकारी कागदांवर 'पडीक' म्हटलं जातं, म्हणून हा मुद्दा मराठी वाचकाने जरा थांबून वाचावा असं मला कळकळीने वाटतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तोडांची संख्या आठशेच्या आसपास होती, आणि रोगराईने ती आणखी घटेल, समाज संपेल असं अनेकांनी लिहून ठेवलं होतं. तसं झालं नाही. दवाखाने, उपचार पोचले, मुली जगू लागल्या, आणि आज तोडा सुमारे दोन हजार आहेत. सरकारच्या यादीत ते विशेष असुरक्षित आदिवासी गटांत मोडतात. बहुतेक जण आता सिमेंटच्या घरात राहतात, मुलं शाळेत जातात, अनेक घरं बटाटा-गाजराची शेती करतात, काही ख्रिस्ती झाले आहेत. 2006 च्या वनहक्क कायद्याने चराईचा सामूहिक हक्क मागण्याची वाट मोकळी केली. वॅटल उपटून पुन्हा मूळचं गवत रुजवण्याचे प्रयत्नही सुरू आहेत, आणि ते झालं तर झऱ्यांनाही पाणी वाढेल.

देवळं शाकारायला पाणथळीत उगवणारं विशिष्ट गवतच लागतं. ते आता लांबून, हिंडून शोधून आणावं लागतं, तरी पुरुष जमून ते आणतात. उटीजवळ मुथनाडू मंद या पाड्यात शंकूच्या आकाराचं देऊळ आजही उभं आहे. तिथे हिवाळ्यात मोधवेथ हा सण होतो. ठिकठिकाणचे तोडा पुरुष जमतात, नाचतात, आणि तरुण मुलं एक गुळगुळीत जड गोटा खांद्यावर उचलून दाखवतात. बाहेरच्यांनी देवळाच्या दगडी कुंपणापर्यंतच जायचं असतं, आत नाही. उटीला गेलात तर एवढं पाळा.

आणि काही विकत घ्यायचंच असेल तर तिथली कशिदाकारी घ्या. हे पूर्णपणे बायकांचं काम. जाडसर पांढऱ्या सुती कापडावर लाल आणि काळ्या धाग्याने, आधी काहीही न आखता, कापडाचे उभे-आडवे धागे बोटांनी मोजत त्या नक्षी उठवतात. म्हशीची शिंगं, डोंगर, फुलं असे त्यांचे आकार. ज्या शालीवर ही नक्षी असते तिला पूथुकुळी म्हणतात. ती सणाला पांघरायची आणि शेवटी तिच्यातच गुंडाळून जायचं. 2013 मध्ये या कलेला भौगोलिक मानांकन मिळालं. बाजारात मशीनवर किंवा छापून काढलेल्या नकला भरपूर आहेत. खरी शाल ओळखायला ती उलटी करून बघा: हाताच्या कामात नक्षी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखी दिसते, आणि धागा कापडातून जिथे वर आलाय तिथे बोटाला बारीक उठाव लागतो.